मांगरातलं बिऱ्हाड

“दिवा नाही, नळ नाही, पंखा नाही. आणि ह्यासाठी वर आपण पैसे मोजायचे?”

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तुम्ही विचारलं असतंत तरी नसतं. कारण तुम्हांला काय सांगायचं, अर्धा तास वीज गेली की आपण शेजारणीला हाक मारून “तुमच्याकडे आहे का हो?” असं विचारतो आणि नळाचं पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तर दिवसभर कपाळाला आठी. अशा आपण! आणि मे महिन्यात, कोकणात, विजेचा खांबसुद्धा जवळ नाही अशा घरात पाच दिवस राहायला निघालो होतो.

ही सगळी करामत आमच्या भाचीची. माझ्या नणंदेची मुलगी, कॉलेजात शिकते. तिनं फोनवर कुठूनसं हे घर शोधून काढलं. देवगड तालुक्यात, आंब्याकाजूच्या बागेत, डोंगराच्या उतारावर एक मांगर. मांगर म्हणजे तिकडे बागेतलं राखणीचं घर. आंब्याच्या दिवसांत माणसं तिथे राहायला येतात, एरवी अवजारं, टोपल्या, गवत ठेवतात. मालकांनी तो नीटनेटका करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. दिवसाला अडीच हजार रुपये. फोटोत चूल होती, कंदील होता, अंगणात बाज टाकलेली होती. भाची म्हणाली, “मामी, असं राहायला लोक परदेशातून येतात.” मी म्हटलं, येत असतील बाई, त्यांना हौस असते.

पण बघता बघता आमचं ठरलं. आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. पुण्याहून नातू सुटीला आला होता, सात वर्षांचा, त्याचं डोकं दिवसभर त्या टॅबमध्ये. आणि सासूबाईंचं माहेर त्याच तालुक्यातलं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या सांगलीला आल्या. भाऊ मुंबईला गेले, घर पडलं, आणि मग जायला निमित्तच उरलं नाही. सुनेला फोन करून कळवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आई, तिथे फोन लागत नाही म्हणताय. जपून हं.” त्यात नको असं काही नव्हतं. पण हो असंही नव्हतं, हे आपल्याला कळतं ना? मी मात्र ते न कळल्यासारखं केलं.

सांगली, कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट उतरून नांदगाव-शिरगावच्या वाटेनं देवगडकडे. प्रवासाचं वर्णन करत नाही, ते तुम्ही कुठेही वाचाल. एवढंच सांगते, की घाट उतरल्याबरोबर अंगाला घाम फुटला आणि सासूबाईंनी खिडकीची काच खाली केली. “वारा येऊं दे,” म्हणाल्या. गाडीतला थंडावा सोडून त्या दमट, उकाड्याच्या हवेला वारा म्हणणारी बाई सांगलीची नव्हे हे मला त्या क्षणी कळलं.

गाडी खालच्या वाडीत ठेवून पुढे पंधरा मिनिटं चालायचं. वाट जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगे. मालकीणबाई वाटेतच भेटल्या. चाळिशीपंचेचाळिशीच्या, अंगानं काटक, डोक्यावर आमची अर्धी बोचकी घेऊन त्याच पुढे चालू लागल्या. “येवा, येवा. वाटेत त्रास नाय ना झालो?” आणि सासूबाईंकडे वळून, “आजी, तुमी खंयच्या?”

सासूबाई थांबल्या. गेल्या अठ्ठावन्न वर्षांत मी, म्हणजे माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात, त्यांच्या तोंडून तिकडची बोली कधी ऐकली नव्हती. आमच्या घरात त्या आमच्यासारखंच बोलत. त्या म्हणाल्या, “मी हयचीच गो. दोन डोंगर पलीकडे माझा कुळार.” कुळार म्हणजे माहेर. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. आमचे हे तर आईकडे असे बघत राहिले, की जणू ही बाई त्यांना आजच भेटते आहे.

मांगर दोन खोल्यांचा. पुढे पडवी, मागे चुलीची जागा, बाजूला न्हाणी आणि थोडं लांब संडास. भिंती चिऱ्यांच्या. चिरा म्हणजे जांभ्या दगडाची घडवलेली मोठी वीट; खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. वर मंगलोरी कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. दुपारी दोन वाजता आत पाऊल टाकलं तर काय गारवा! पंख्याची आठवणसुद्धा आली नाही. रात्री मात्र आली. वारा पडला की मच्छरदाणीच्या आत आपण पुरणासारखे शिजतो. उजेडासाठी उन्हावर चालणारे दोन दिवे, दिवसा अंगणात ठेवायचे, रात्री आत आणायचे. एक विसरला की ती रात्र एका दिव्यावर. भाचीचा फोन दुसऱ्या दिवशी मान टाकून गप्प झाला. फोन लागायचा तर तो वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, तिथेही एका विशिष्ट दगडाशी उभं राहून.

आता पाण्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

न्हाणीपाशी एक मोठं निळं पिंप होतं आणि मागे दोन हंडे, सगळं काठोकाठ भरलेलं. मालकीणबाईंनी बजावलं होतं, “पाणी जपान वापरा हां ताई. बाव तळाक गेली हा.” बाव म्हणजे विहीर. मी मान हलवली. आपण काय उधळ्या आहोत का? सांगलीत मी भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालते. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंपाचा तळ दिसला तेव्हा मी हिशेब केला. कळशी बारा लिटरची. आम्ही पाच माणसांनी एका दिवसात बावीस कळश्या पाणी संपवलं होतं! आंघोळी, भांडी, नातवानं चिखलाचे केलेले दोन जोड, आणि मी सवयीनं पडवी पुसून काढली ती वेगळी. आमचे हे आकडेमोडीत पक्के. ते म्हणाले, “शहरात सरकारी हिशेबानं माणशी रोजचे १३५ लिटर धरतात. पाच जणांचे झाले पावणेसातशे लिटर, म्हणजे छप्पन्न कळश्या. त्या मानानं तू निम्म्यानं काटकसर केलीस.” मला बरं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती रहाटाच्या करकरीनं. उठून बाहेर आले तर खालून पायऱ्या चढत मालकीणबाई येत होत्या. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कमरेवर आणखी एक. पिंपात ओतलं आणि परत खाली. मी मोजल्या, विहिरीपासून मांगरापर्यंत एकूण चौसष्ट पायऱ्या. आम्ही उडवलेलं पाणी ह्या बाईच्या डोक्यावरून येत होतं. मला वाटलं होतं, पंप असेल! पण विजेशिवाय पंप कुठला, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मी एक कळशी घेऊन त्यांच्यामागून खाली गेले. विहिरीत डोकावले. खूप खोल, आरशाएवढं पाणी. पावसाळ्यात म्हणे हात घालून पाणी घेता येतं.

तुम्ही विचाराल, कोकणात एवढा पाऊस, मग मे महिन्यात हे हाल का? मीही तेच विचारलं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण जांभा दगड सच्छिद्र, चाळणीसारखा. पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, उतारावरून वाहतं आणि समुद्र तर हाकेच्या अंतरावर. ते थांबणार कुठे? मालकीणबाईंनी हे एका वाक्यात सांगितलं, “पाऊस येता, पण ऱ्हवणा नाय.” येतो, पण राहत नाही.

मी तीन कळश्या वर आणल्या आणि गुडघा धरून पायरीवर बसले. त्या दिवशी आमचा खर्च तेरा कळश्यांवर आला. कसा, ते सांगते. तुमच्याकडे पाणीटंचाई झाली तर उपयोगी पडेल. भांडी आधी राखेनं कोरडी घासून घ्यायची, मग दोन घमेल्यांत एकामागून एक विसळायची. पहिल्या घमेल्यातलं पाणी माडाला. आंघोळ तांब्यानं, बादली भरून नव्हे. बादली समोर असली की ती संपेपर्यंत हात थांबत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी पिठीला. आणि चुलीवर ठेवायच्या भांड्यांना बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि लेपासकट निघून येते. हे शेवटचं सासूबाईंचं. माझं पातेलं पहिल्या दिवशी काळंठिक्कर झालं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “एवढी शिकलेली सून, आणि भांड्याला माती लावायची ठाऊक नाही!”

चुलीचा ताबा त्यांनी पहिल्याच संध्याकाळी घेतला होता. मी फुंकून फुंकून डोळे लाल केले, धूर सगळा घरात, आणि त्यांनी येऊन नारळाचं एक सोडण, दोन करवंट्या आणि वाळकी झावळी अशी काही रचली की एका काडीत जाळ. शहात्तरीची बाई. सांगलीत त्यांना गॅसची शेगडी पेटवताना हात कापतो म्हणून मी स्वयंपाकघरात येऊ देत नाही. इथे त्या उकड्या तांदळाची पेज करत होत्या, कुळथाची पिठी करत होत्या, फणसाची भाजी चिरताना हाताला तेल लावा म्हणून भाचीला दटावत होत्या. ताकाचा तांब्या दोरीला बांधून विहिरीत सोडायचा, की तोच शीतकपाट. उरलेलं शिंक्यावर, म्हणजे मुंग्यांपासून सुटका. एकदा मात्र नातवानं आणि भाचीनं ओल्या काजूबिया विस्तवात टाकल्या तेव्हा त्या खरोखर ओरडल्या. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी भाजतं, त्याचा धूरही डोळ्यांना वाईट. भाचीच्या बोटांवर काळे डाग पडले, ते पंधरा दिवस गेले नाहीत. आणि अढीतला देवगडचा आंबा! त्याबद्दल लिहिलं तर संपादक जागा देणार नाहीत. नातू सकाळ-संध्याकाळ कोपरापर्यंत रस घेऊन बसलेला असे. टॅब विचारलादेखील नाही त्यानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी काढून मालवण तालुक्यातल्या कुडोपीला कातळशिल्पं पाहायला गेलो. आठच्या आत पोहोचा, नाहीतर कातळ तव्यासारखा तापतो. सपाट जांभ्यात कोरलेल्या आकृत्या, काही माणसांच्या आणि काही कशाच्या ते कळतच नाही. कुणी कोरल्या, कशासाठी, सांगायला कोणी नाही. कोकणातली अशी शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात हे कुडोपी आहे, राजापूर तालुक्यातलं बारसू आहे आणि कशेळीचा तो प्रचंड हत्तीही. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही लहानपणी सड्यावर गुरं राखायला जायचो तेव्हा अशी चित्रं बघितलीत. पांडवांनी काढली म्हणायचे.” नातवाला त्या आकृत्यांनी वेडं केलं. परत येऊन त्यानं अंगणात कोळशानं तशीच माणसं काढली, आणि सगळ्यांत मोठी आकृती ‘आई’ म्हणून.

संध्याकाळी ढग भरून आले. वळवाची चिन्हं. चुलीची लाकडं मागे उघड्यावर रचलेली होती. भिजली तर सकाळी पेटणार कशी? मी ती उचलून आणली आणि पडवीत चपलांच्या बाजूला रचली. सासूबाई आतून म्हणाल्या, “लाकडं घरात घेऊ नको गं, त्यात काहीबाही असतं.” मी म्हटलं, “घरात कुठे, पडवीत ठेवते.” त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. सुनेला दोनदा सांगायचं नाही ही त्यांची पद्धत. पाऊस तर पडलाच नाही. चार थेंब आले आणि गेले.

पावणेनऊच्या सुमाराला नातू लघवीला म्हणून उठला. दिवा आत, पडवीत काळोख. त्यानं चपलेत पाय घातला आणि जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. ह्यांनी दिवा आणला. लालसर, बोटाएवढाही नसलेला विंचू लाकडांकडे चालला होता.

आता ह्यापुढचं नीट वाचा. पोराला पायाच्या अंगठ्याला डंख झाला होता. पंधरा-वीस मिनिटं तो ओरडत होता, लोळत होता. मग हळूहळू रडणं कमी झालं. एकदा उलटी झाली. आम्हांला वाटलं, रडून रडून झाली. तो गप्प माझ्या मांडीवर पडला. मी देवाचे आभार मानले. म्हटलं, उतरलं. भाची खाली मालकीणबाईंना बोलवायला गेली होती. त्या धावत आल्या, दिवा पोराच्या तोंडापाशी नेला, कपाळावर हात ठेवला, मग तळपायाला. पोर घामानं भिजलं होतं आणि हातपाय बर्फासारखे. त्या मला म्हणाल्या, “ताई, रडना थांबला म्हणान बसा नकात. उचला आणि चला.” ह्यांनी धोतराचा काठ फाडून पायाला आवळायला घेतला होता. “कायव बांधू नकात,” म्हणत त्यांनी तो हातातून काढून घेतला.

त्यांच्या यजमानांनी पोराला खांद्यावर घेतलं. पुढे बॅटरी घेऊन मालकीणबाई, मागे मी. त्या पायऱ्या मी कशा उतरले ते मला आठवत नाही. सासूबाईंना आणि भाचीला मागे ठेवलं. गाडीत चाळीस मिनिटं. वाटेत त्याला दोनदा उलटी झाली आणि मी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की लाकडं मी ठेवली.

रुग्णालय लहान होतं, डॉक्टर तरुण. पण त्यांनी एका नजरेत ओळखलं. नाडी, रक्तदाब, छातीचा आलेख, आणि एक गोळी. त्या गोळीचं नाव प्राझोसिन. पुढे दर तीन तासांनी, हातपाय ऊबदार होईपर्यंत. मध्यरात्री जरा स्वस्थता आल्यावर डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितलं. लाल विंचवाचं विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण आणतं. फुप्फुसांत पाणी भरू शकतं, आणि मुलांना धोका सगळ्यांत जास्त. नुसत्या वेदना खूप असतील तर एक वेळ ठीक. पण घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसले की घड्याळ बघत बसायचं नाही. पूर्वी अशा गंभीर रोग्यांतले शंभरातले तीस-चाळीस दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या अशा रोग्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८०च्या दशकात ह्याच साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात आलं. तेव्हापासून मृत्यू फार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या एका डॉक्टरानं ही चाचपणी केली आणि त्याचा उपयोग माझ्या नातवाला झाला. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्या रात्री त्यांचं नाव मी मनात जपासारखं घेतलं.

इथे फोन लागत होता. हे म्हणाले, “सकाळी कळवू. रात्री उगीच घाबरतील.” बायांनो, तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? उद्या बरं झाल्यावर गोड शब्दांत सांगितलं असतं तर माझी बाजू सावरली असती. पण मीच कुणाची तरी सून होते ना. माझ्या मुलाच्या बाबतीत मला रात्रभर अंधारात ठेवलं असतं तर? अकरा वाजता मी फोन लावला. सगळं सांगितलं. लाकडांचंही सांगितलं. पलीकडे काहीच आवाज नाही. मग सून म्हणाली, “आई, डॉक्टरांना फोन द्या.” ती त्यांच्याशी बोलली. पुन्हा मला म्हणाली, “तुम्ही त्याच्याजवळून उठू नका. आम्ही निघतो.” बस्स. एवढंच.

पहाटे चारच्या सुमाराला त्याचा तळवा माझ्या हातात गरम लागला. मी नर्सबाईंना उठवलं, त्यांनी बघितलं आणि हसल्या. आठ वाजता मुलगा-सून पुण्याहून आली. सून थेट खाटेपाशी गेली, त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळली. मी तोंड उघडणार, तोच नातू म्हणाला, “आई, मी तुझं चित्र काढलंय. कोळशानं. चल दाखवतो.”

डॉक्टरांनी एक दिवस आणि एक रात्र ठेवून घेतलं. मुलाचा विचार तिथूनच पुण्याला न्यायचा होता. सून म्हणाली, “नको, सामान आहे, आजी आहेत. आणि त्याला दाखवायचंय ना.” पाचव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पुन्हा त्या पायऱ्या चढलो. मांगराच्या दारात सासूबाई बसल्या होत्या, बाजूला मालकीणबाई. पडवी रिकामी, लाकडं केव्हाच लांब गेलेली, शेणानं सारवून घेतलेलं. अंगणातलं चित्र मात्र कुणी पुसलं नव्हतं. त्याच्याभोवती चार दगड ठेवून सारवलं होतं. सून ते बघत बराच वेळ उभी राहिली.

मग तिनं पदर खोचला आणि रात्रीच्या उलट्यांचे कपडे धुवायला काढले. पिंपाचं झाकण उघडून ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, पाणी किती घेऊ?”

“दोन कळश्या,” मी म्हटलं. “आणि दुसरं पाणी माडाला घाल.”

आमच्यात त्या विषयावर पुढे झालेलं बोलणं ते एवढंच.

निघताना सासूबाईंनी मालकीणबाईंच्या हातात आपल्या कनवटीची शंभराची नोट ठेवली. त्या घेईनात. “घे गो, कुळारच्यांनी दिलेला नाय म्हणू नये,” असं म्हणून त्यांनी ती त्यांच्या मुठीत दाबली. जाताना वाटेत गाडी वळवून आम्ही सासूबाईंचं गाव पाहिलं. घराचं जोतं तेवढं शिल्लक आहे, त्यावर काजू उगवलाय. त्या उतरल्या नाहीत. काचेतूनच बघितलं.

तुम्ही अशा ठिकाणी जाणार असाल तर काय न्यावं ते लिहिते. बंद बूट, आणि ते घालण्यापूर्वी उलटे करून झटकायचे; चपला, अंथरुणं, टांगलेले कपडे, सगळं झटकायचं. खाट भिंतीपासून हातभर लांब, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. लाकडं, दगड, नारळाची सोडणं दारापासून दूर. साध्या सेलच्या दोन बॅटऱ्या, आणि एक रात्रभर उशाशी. जवळचं रुग्णालय कुठे, रात्री डॉक्टर असतात का, गाडीपर्यंत किती वेळ लागतो, फोन कुठे लागतो, हे गेल्या गेल्या विचारून घ्यायचं. आंब्याची चौकशी त्यानंतर. आणि पाणी कोण भरतं तेही विचारा. आम्ही निघताना मालकांशी बोलून ठरवलं की पाहुण्यांनी रोज निदान दहा कळश्या स्वतः भराव्यात. आता ते तसं आधीच सांगतात म्हणे. काही लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणखी एक गंमत. आमच्या ह्यांना बँकेत असताना खोट्या नोटा ओळखायचा तो जांभळ्या उजेडाचा दिवा रोज हाताळायला लागे. त्या उजेडात विंचू काळोखात हिरवानिळा चमकतो, हे कुठेसं वाचून त्यांनी तसली बॅटरी आणून ठेवली आहे. नातवाला फोनवर सांगितलं तर तो नाचलाच. येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा जातो आहोत. ह्या वेळी तारखा सुनेनं ठरवल्या आणि पैसेही तिनंच भरले. मालकीणबाईंना फोन केला होता, सड्यावर होत्या म्हणून लागला. “आजी येतत मां?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरं त्यांनी सांगितलं ते असं, की बाव औंदा साफ करून दोन हात खोल केली आहे आणि रहाटाला नवा दोर आणलाय.